सायकसचं तोंड

"कुंडी बदलायची तेव्हा बदल, पण त्याचं तोंड बदलू नक्को," असं जोहराखाला जाताना मला दोनदा सांगून गेल्या होत्या. मी दोन्ही वेळा "हो खाला" म्हणाले. तेव्हा माझ्या कडेवर शर्वाणी होती, गॅसवर दूध होतं, आणि झाडाला तोंड असतं हे मला एम.एस्सी.ला कुणी शिकवलेलं नव्हतं.

पुंडलिकनगरातली आमची बिल्डिंग सहा फ्लॅटची. पहिल्या मजल्यावर समोरासमोर खाला आणि आम्ही. शर्वाणी झाली त्या महिन्यात माझी आई पाय मोडून प्लास्टरमध्ये होती आणि सासूबाईंना गावाकडची गुरं सोडून येता येत नव्हतं. त्यामुळे बाळाला न्हाऊ घालायला खालाच यायच्या. पाय लांब करून बसायच्या, तिला पालथी घालायच्या आणि तिच्याशी दखनीत गप्पा मारायच्या. शर्वाणी हे नाव त्यांच्या तोंडात कधी बसलं नाही. त्यांनी तिचं गुड्डो करून टाकलं.

मी घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकते. बाळ झोपलं की मी तिच्या नाकापुढे हातातला छोटा आरसा धरून वाफ धरते का बघायची. एकदा खालांनी पाहिलं. मला वाटलं हसतील.

"मैं बी धरती थी," त्या म्हणाल्या. "करीमच्या टायमाला. आरसा धर, पण मधी मधी चहा बी पी."

करीम त्यांचा मुलगा. पैठण रोडवरच्या चितेगावला कंपनीत होता. रोजच्या जाण्यायेण्याला कंटाळून त्यानं तिकडंच दोन खोल्या बांधल्या आणि मे महिन्यात त्यांचं सामान टेम्पोत चढलं. सगळं गेलं, सायकस तेवढा राहिला. करीमची बायको फहमिदा म्हणाली की नव्या घरापुढं अजून फरशी नाही, शेळ्या येतात, झाड टिकायचं नाही. खालांनी ते माझ्या गॅलरीत आणून ठेवलं आणि कुंडी दोन्ही हातांनी हळूहळू फिरवत पैठण रोडच्या दिशेला लावली. मग डबीतला चुना बोटावर घेऊन खोडाच्या त्या बाजूला एक टिकली लावली.

"ये मेरे तरफ देखता," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी ती गोष्ट सांगितली. त्यांचे वडील बिडकीनला एका जहागीरदाराच्या बागेत माळी होते. पोलीस ॲक्शन झाली, मालक मंडळी हैदराबादकडं निघून गेली, आणि माळीबुवांनीही शहरात यायचं ठरवलं. कावडीच्या एका टोपलीत आठ दिवसांच्या खाला, दुसरीत बागेतल्या सायकसचं बुंध्यापासून सोडवलेलं पिल्लू. "बाप बोलले, दोघांची तोंडं एकमेकाकडं ठेवा, म्हणजे पोरगी हरवणार नाही. तेव्हापासून मी कुठं जाऊ दे, घर बदलू दे, कुंडी बदलू दे, तोंड माझ्याकडं. मैं कब्बी नै हरवली बेटा. हैदराबादच्या नुमाईशीतल्या गर्दीत बी नाही. करीमचे अब्बा दोनदा हरवले."

हे सांगताना त्या इतक्या हसल्या की शर्वाणीही हसायला लागली.

पुढचं सांगण्याआधी झाड कसं होतं ते सांगते. खोड माझ्या गुडघ्याएवढं, अननसासारखं खवल्याखवल्यांचं. वर गर्द हिरव्या पानांचं छत्र, आणि पानाची एकेक पाती टोकाला सुईसारखी. पैठण रोडकडची बाजू भरगच्च होती, घराकडची विरळ.

श्रावणात मातीची कुंडी उभी तडकली. खोड आतून फुगलं होतं. त्याच आठवड्यात मी मोबाइलवर वाचलं की सायकस विषारी असतो. बी, पान, मूळ, सगळंच. लहान मुलांपासून दूर ठेवा. त्या दिवशी मी जेवले नाही.

"देऊन टाकू कुणाला तरी," मी म्हणाले.

माझ्या नवऱ्याचं नाव आप्पासाहेब. वय एकतीस, पण नाव ऐकून लोक धोतर नेसलेला माणूस शोधतात. तो म्हणाला, "अन् खालांना काय सांगायचं? त्यांचं झाड हाय. सिमेंटची जड कुंडी आणू, भोवती जाळी बांधू. लई डोकं नको लावू."

रविवारी पाण्याचा दिवस होता. आमच्याकडं नळाला आठ दिवसांनी पाणी येतं. त्या दीड तासात धुणं, फरशा, गाडी, ड्रम, टब, सगळं उरकायचं असतं. कुंडी बदलायचं कामही त्यातच घुसवलं. आप्पासाहेबानं जुनी कुंडी आडवी करून हातोडीनं फोडली. मी ओढणी नाकाला बांधून, हातात जाड मोजे घालून गड्डा धरला. मुळं बांगडीसारखी गोल गोल फिरलेली होती आणि मधेमधे पोवळ्यासारखे गुच्छ होते. नळ जोरात होता, पाणी जाईल म्हणून घाई होती. मी पाइप धरला आणि जुनी काळी माती धुऊन काढली, मग खोडाच्या खवल्यांतली धूळही. झाड हिरवंगार, ओलं, नवं दिसायला लागलं.

नव्या कुंडीत तळाला विटांचे तुकडे, वर वाळू, शेणखत, माती. झाड आत धरल्यावर आप्पासाहेब म्हणाला, "कुठली बाजू पुढं?"

मी चुना शोधला. खोड स्वच्छ होतं.

"भरगच्च बाजू हॉलकडं कर," मी म्हणाले. "बसल्यावर छान दिसेल."

चटईवर बसून शर्वाणी बघत होती. तेव्हा ती अकरा महिन्यांची होती, रांगत होती. झाड आत बसलं तशा तिनं टाळ्या वाजवल्या.

दहा दिवसांनी मी कणीक मळत होते. हॉलमधून खुळखुळ्याचा आवाज येत होता, तो थांबला. लहान मूल घरात असलेल्या कुणालाही ठाऊक आहे, आवाज थांबला की धावायचं. बाथरूमचं दार उघडं होतं. आत उंबऱ्याला लागून पाण्यानं काठोकाठ भरलेला टब. शर्वाणी उंबऱ्यावर होती. दोन्ही हात टबाकडं पसरलेले, अंग पुढं झुकलेलं, आणि तरी ती पुढं जात नव्हती. तिचा फ्रॉक पाठीमागून ताणला गेला होता, खिळ्यात अडकावा तसा.

मागं खिळा नव्हता. काहीच नव्हतं. मी तिला उचललं तेव्हा ताण सुटला. फ्रॉकच्या घेरात एक टोचरं, हिरवं टोक मोडून राहिलं होतं.

मी टेप आणून मोजलं. गॅलरीतल्या कुंडीपासून बाथरूमच्या उंबऱ्यापर्यंत अकरा फूट दोन इंच. सगळ्यांत लांब पान दोन फूट एक इंच. भोवतीची जाळी जशीच्या तशी बांधलेली.

"सकाळी खेळताना अडकलं आसंल," आप्पासाहेब म्हणाला. "कालपर्यंत पोराला काही झालं की माझ्यावर संशय होता, आता झाडावर. माझी सुटका झाली म्हणायची."

मीही हसले. त्या दिवसापासून मी टबावर फळी ठेवायला लागले. आणि का कोण जाणे, स्वयंपाक करताना गॅलरीचं दार उघडं ठेवायला लागले.

संध्याकाळी फहमिदाचा फोन आला. तिच्या बोलण्यात हसू होतं. "भाभी, आज अम्मांची गंमत झाली. दूध आणायला गेल्या आन् दुसऱ्याच्याच किचनमधी जाऊन चहा ठिवला. त्या घरच्या भागूबाईंना म्हणतात, तुम्ही कोण, माझ्या घरात काय करता?"

मी किती वाजता ते विचारलं. साडेअकराच्या सुमाराला, ती म्हणाली. मी कणीक मळत होते ती वेळ.

माझा विषय संख्याशास्त्र. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणजे एकीमुळे दुसरी घडली असं होत नाही, हे मी दोन वर्षं क्लासमध्ये मुलांना शिकवलंय.

नवरात्रात आम्ही कर्णपुऱ्याच्या जत्रेला गेलो. संध्याकाळची गर्दी नको म्हणून मुद्दाम दुपारी. शर्वाणी नुकती चालायला लागली होती. उसाच्या रसाच्या गाड्यापाशी आप्पासाहेबानं तिला खाली ठेवलं आणि ग्लास माझ्याकडं दिला. मी ग्लास घेतला. खाली बघितलं तर ती नव्हती.

अकरा मिनिटं. त्या अकरा मिनिटांबद्दल मला लिहिता येणार नाही.

द्वारकाबाई नावाच्या बांगड्या विकणाऱ्या बाईनं हाका ऐकून हात केला. तिच्या पालामागं एका बाजूला जनरेटर धडधडत होता, त्याचा पट्टा उघडा. दुसऱ्या बाजूला भज्यांची कढई. मधल्या हातभर जागेत शर्वाणी मांडी घालून बसली होती.

"तुमची का? मघाधरनं बसलीय," द्वारकाबाई म्हणाली. "मी उचलाया गेले तर उचलंना बाई. एवढंसं पोर, अन् कुणी धरून ठिवल्यागत जड. पण रडत नव्हती हां. खुशीत होती."

तिच्या फ्रॉकच्या झालरीत सायकसची एक पाती होती. अख्खी, ताजी.

घरी आल्यावर मी सरळ गॅलरीत गेले. हॉलकडच्या पानात ओळीनं पात्या होत्या आणि मधे एका जागी फट होती, दुधाचा दात पडल्यासारखी. फटीतून स्वच्छ, चिकट पाणी आलं होतं. बोट लावलं तर ओलं होतं.

मी बाळाचे हात तीनदा धुतले. मग मला स्वतःचं नवल वाटलं, कारण मी परत गॅलरीत जाऊन त्या पानावरची धूळ ओल्या फडक्यानं पुसली. प्रत्येक पाती वेगळी.

खाला त्याच दुपारी हरवल्या होत्या. संध्याकाळी बिडकीनला एका बंद दुकानाच्या पायरीवर सापडल्या. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होत्या, "मेरा घर किस बाजू?"

कार्तिकात आम्ही त्यांना भेटायला चितेगावला गेलो. खाला बाजेवर बसल्या होत्या. कुडत्याला सेफ्टी पिनेनं एक चिठ्ठी लावली होती, तिच्यावर करीमचा नंबर. डॉक्टरांनी वय झालंय म्हणून सांगितलं होतं. मला त्यांनी ओळखलं नाही. आप्पासाहेबाला त्या रिक्षावाला समजल्या. पण शर्वाणीला बघून दोन्ही हात पुढं केले.

"गुड्डो," त्या म्हणाल्या. तिला मांडीवर घेऊन तिच्या टाळूचा वास घेतला. मग माझ्याकडं न बघता विचारलं, "कुंडी बदली क्या?"

"हो खाला."

"तोंड?"

"तसंच आहे," मी म्हणाले.

शर्वाणी त्यांच्या चिठ्ठीशी खेळत होती.

परतताना पैठण रोडवर मी रडले. आप्पासाहेबानं गाडी कडेला घेतली. "काय झालं?" म्हणाला. मी सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि पहिल्यांदाच चेष्टा केली नाही. "मग फिरव की कुंडी," म्हणाला. "फिरवायला काय जातंय?"

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कुंडीखाली गोणपाट सरकवलं आणि झाड पैठण रोडकडं वळवलं. भरगच्च बाजू बाहेर, विरळ बाजू आत. हॉल एकदम उघडाबोडका वाटला.

तासाभरानं फोन वाजला. फहमिदाचा नंबर, आवाज खालांचा. खणखणीत.

"बेटा, तू घुमायी ना उसकू? मेरेकू सगळं दिसायलंय. करीमला बोलले, तुझा शर्ट उलटा हाय. रोने लगा पागल." त्या हसल्या. "गुड्डो क्या करती?"

"खेळतेय," मी म्हणाले. "आप्पासाहेबाजवळ आहे."

"ध्यान रख हां," खाला म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज जरा खाली आला. "आता ध्यान रख."

मी फोन ठेवला.

हॉलमधून शर्वाणी खोकली.

आप्पासाहेब शेंगदाणे खात होता. वाटी सोफ्यावर होती. त्यानं पेपरचं पान उलटलं असेल, तेवढाच वेळ.

ती आणखी एकदा खोकली. मग खोकणंही थांबलं. तोंड उघडं, डोळे मोठे, आवाज नाही. ओठ जांभळे व्हायला लागले.

आप्पासाहेबानं तिला हातावर पालथी घेतलं आणि पाठीवर थापट्या मारायला लागला. "पाणी आण," ओरडला. "अगं, पाणी!"

मी पाणी आणलं नाही.

मी गॅलरीत पळाले. कुंडीला कवटाळलं. सुया गालात, मानेत घुसल्या. गोणपाट फाटलं, सिमेंट फरशीवर घासलं.

भरगच्च बाजू आत आली.

मागं टप्प् असा आवाज झाला. शेंगदाणा फरशीवर पडला होता. शर्वाणीनं श्वास घेतला आणि ती रडली. इतकं गोड रडणं मी कधी ऐकलं नव्हतं.

आप्पासाहेब तिला छातीशी धरून खाली बसला होता. थापट्यांनी निघाला, तो म्हणाला. थापट्यांनीच निघाला असेल. त्यानं माझ्या गालावरचं रक्त पुसलं, कुंडीकडं बघितलं, आणि तेव्हापासून आजपर्यंत "फिरव की" असं एकदाही म्हणालेला नाही.

पुढच्या रविवारी करीम टेम्पो घेऊन आला. गॅलरीचं दार मी आतून लावून घेतलं होतं आणि पडदा ओढला होता.

"भाभी, अम्मांचं झाड न्यायला आलोय. त्या दिवशी दुपारी बोलल्या होत्या न्यायचं म्हणून. मग परत सगळं विसरल्या. मला बी आता ओळखत नाहीत. म्हणलं, झाड समोर ठेवून बघू."

"वाळलं ते," मी म्हणाले. "कुंडी बदलताना मुळं तुटली. माफ करा."

करीम उंबऱ्यातच उभा राहिला. पडद्याकडं त्यानं बघितलं की नाही, मला सांगता येणार नाही. मग त्यानं मान हलवली.

"राहू द्या. अम्मांनी त्याच दुपारी सांगून ठिवलेलं. वाळलं म्हणाली तर वाद घालू नको. गुड्डो अजून लहान हाय, म्हणाल्या." खिशातून त्यानं लोकरीचं लाल टोपडं काढलं. "हे पण दिलं होतं. त्या दुपारीच पुरं केलं. थंडीत घाला."

टोपडं शर्वाणीला अगदी नीट बसतं. आत्ताही घातलंय. झाडाला नवी पानं आलीत, बाळाच्या मुठीसारखी वळलेली, आणि ती सगळी हॉलच्या बाजूला उघडताहेत. मी रोज पुसते. त्याला काय लागतं, काय नाही, ते सगळं मला आता कळतं. शर्वाणी त्याच्यासमोर बसून जेवते. परवा ती आप्पासाहेबाला सोडून झाडाकडं बघून "खाला" म्हणाली.

आज सकाळपासून फहमिदाचे सात फोन येऊन गेले. मी उचलले नाहीत. आठवा आत्ता वाजतोय.

तुमच्यापैकी कुणी चितेगाव-बिडकीनच्या बाजूला राहत असेल, किंवा पैठण रोडनं जाणार असेल, तर गाडी जरा हळू चालवा आणि कडेला बघत जा. बाई पंचाहत्तरीच्या पुढच्या आहेत, ठेंगण्या, गोऱ्या. डोक्यावर पांढरी ओढणी. कुडत्याला चिठ्ठी असेल, नसली तरी करीमचं नाव कुणीही सांगेल. चेहरा हसरा आहे. घाबरलेल्या असल्या तरी हसऱ्याच दिसतात, म्हणून लोकांना वाटतं त्यांना सगळं ठाऊक आहे आणि लोक पुढं निघून जातात. तुम्ही जाऊ नका. थांबा, नाव विचारा, हात धरा. रस्ता ओलांडताना तर नक्की धरा. ट्रक फार असतात.

मीच गेले असते. पण शर्वाणी आता पळायला लागलीय. तुम्ही एकदा बघून या.